गोव्याला कधी यायचं? तापमान सोडा, पाणी बघा

गोव्यात राहणाऱ्या मराठी माणसाला वर्षभर एक फोन हमखास येतो: "कधी येऊ?" पुण्याचा मावसभाऊ विचारतो, नागपूरची आत्येबहीण विचारते, नवऱ्याच्या ऑफिसातलं कुणीतरी विचारतं. आणि विचारण्याआधी बहुतेकांनी मोबाइलवर तापमान बघून ठेवलेलं असतं. "जानेवारीत ३२ दाखवतंय आणि ऑगस्टमध्ये २९, म्हणजे ऑगस्ट जास्त थंड ना?"

आकडे बरोबर आहेत, पण त्यांवरून कळत काहीच नाही. पणजीत दुपारचं कमाल तापमान जानेवारीत साधारण ३२ अंश, मेमध्ये ३३-३४ आणि ऑगस्टमध्ये २९ च्या आसपास असतं. वर्षभरातला फरक पाचेक अंशांचा. नागपूरकराला पारा बघून ऋतू कळतो, कारण तिथे मे आणि जानेवारी ही दोन वेगळी जगं असतात. उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यावर पारा जवळजवळ जागचा हलत नाही. हलतं ते पाणी. आभाळातून पडणारं, हवेत मुरलेलं आणि समुद्रात उसळणारं. या तिन्हींचा अंदाज घेतला की तारीख आपोआप ठरते. तो कसा घ्यायचा, ते पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी क्रमाने सांगते.

पायरी १: समुद्रासाठी येताय की जमिनीसाठी?

तारीख नंतर. आधी घरात बसून हा एक प्रश्न सोडवा. पाण्यात उतरायचंय, बोटीतून डॉल्फिन बघायचेत, मुलांना वाळूत खेळवायचंय, संध्याकाळी किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये बसायचंय, असं असेल तर तुम्ही समुद्रासाठी येताय. तुमचा काळ ऑक्टोबर ते मे.

हिरवं रान, धबधबे, भातशेती, फोंडा तालुक्यातली देवळं, जुनी घरं, फेरीबोटीतून दिवाडी-चोडण ही बेटं, असं डोक्यात असेल तर तुम्ही जमिनीसाठी येताय. तुमचा काळ जून ते फेब्रुवारी.

दोन्ही हवं असेल तर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा आणि डिसेंबरचे पहिले दोन आठवडे. समुद्र शांत झालेला असतो, डोंगरावरचा हिरवा रंग पूर्ण उतरलेला नसतो, नाताळची गर्दी अजून आलेली नसते. घाईत असाल तर एवढं वाचून तिकीट काढलंत तरी चालेल.

कुलदैवताला येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, रामनाथी, नागेशी ही देवळं बारा महिने उघडी असतात, आणि माझ्या मते ती पावसात सगळ्यात सुंदर दिसतात. नागेशीची तळी आषाढात बघावी. काही देवस्थानांच्या अग्रशाळांमध्ये राहायची सोय असते, पण जत्रेच्या दिवसांत तिथे जागा मिळणं अवघड. पाऊस कसाही असो, या मंडळींनी आधी पंचांग बघावं. मंगेशी आणि कवळे दोन्हीकडच्या जत्रा माघात असतात, फातर्प्याची पौषात आणि शिरगावच्या लईराईची वैशाख शुद्ध पंचमीला. लईराईच्या जत्रेला राज्याबाहेरूनही लोक लोटतात. लहान मुलं किंवा वयस्कर आई-वडील बरोबर असतील तर तो दिवस टाळून दर्शन घ्यावं.

पायरी २: तिन्ही पाण्यांचा हिशेब समजून घ्या

आधी पाऊस. पणजीत वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एकट्या जुलैत इथे पुण्याच्या वर्षभराच्या सरासरीपेक्षा जास्त पाऊस होतो. किनाऱ्यावरून पूर्वेला सह्याद्रीकडे जाल तसा तो वाढत जातो. अरबी समुद्रावरून आलेले ओले ढग डोंगराला अडून वर चढतात, थंड होतात आणि रिकामे होतात. त्यामुळे वाळपई, सांगे या भागांत चार हजार मिलिमीटरच्या पुढचा पाऊस नेहमीचा. किनाऱ्यावर कळंगुटला ऊन पडलेलं असताना डोंगराकडच्या सत्तरी तालुक्यात व्हाळ, म्हणजे ओढा, फुगलेला असू शकतो. धबधब्यांवर अपघात होतात त्याचं हे एक कारण आहे. तुमच्या डोक्यावर पाऊस नसतो, पण वरच्या डोंगरात तो कोसळून गेलेला असतो.

मोसमी पाऊस गोव्यात साधारण ५ ते ७ जूनच्या सुमारास येतो. आमच्या आजीच्या भाषेत, मृग लागताना. पण हा सरासरीचा दिवस झाला. २०२३ मध्ये अरबी समुद्रातल्या बिपरजॉय चक्रीवादळाच्या काळात तो लांबला, तर २०२५ मध्ये मे महिन्यातच येऊन बसला. म्हणून "मेच्या शेवटच्या आठवड्यात येतो, पाऊस तर जूनमध्ये सुरू होतो" हा हिशेब भरवशाचा नाही. परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रेंगाळतो. हस्त आणि चित्रा नक्षत्रांतल्या दुपारी उन्हाच्या, आणि चार-पाच वाजता आभाळ काळं करून कडकडाट करणाऱ्या.

चेन्नईला ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस असतो असं वाचून काहीजण घाबरून नोव्हेंबरातली गोव्याची तिकिटं रद्द करतात. तो पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, पूर्व किनाऱ्याचा. सह्याद्रीच्या या बाजूला त्याची कृपा फारशी होत नाही.

दुसरं पाणी हवेतलं. घाम वाळतो की नाही हे त्यावर ठरतं. हवामानाच्या ॲपमध्ये तापमानाखाली बारीक अक्षरांत दवबिंदू दिलेला असतो, तो हवेत किती वाफ आहे ते सांगतो. गोव्याचं हवामान बघताना तोच मोठा आकडा समजा. तो २० च्या खाली असेल तर ३२ अंशांतही हिंडता येतं. २४-२५ च्या वर गेला की २९ अंशांतही सदरा पाठीला चिकटतो. जानेवारीत तो २० च्या आसपास किंवा खाली असतो, मेमध्ये २५ च्या घरात. जानेवारी आणि मे यांच्यात कागदावर दोन अंशांचा फरक असूनही अंगाला दोन वेगळे देश वाटतात, ते यामुळे.

यातच एक गंमत आहे. गोव्यातले सगळ्यात कडक उन्हाचे दिवस मेमध्येच येतात असं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये कधीकधी पूर्वेचे कोरडे वारे जोर धरतात. त्यांच्यामुळे समुद्राकडून येणारा खारा वारा उशिरा पोचतो, आणि पारा एकदम ३७ च्या आसपास जातो. २०२३ च्या मार्चमध्ये अशा दिवसांत इथल्या शाळा दुपारी बारालाच सोडाव्या लागल्या होत्या. एरवी हा खारा वारा आमचा एसी. अकरा-बाराच्या सुमाराला तो सुरू होतो आणि किनाऱ्यालगतच्या गावांना दुपारभर तारून नेतो. रात्री उलटे, जमिनीकडून मतलई वारे वाहतात. फोंडा, डिचोली, कुडचडे अशा आतल्या गावांना खारा वारा पोचेपर्यंत त्यातला दम गेलेला असतो. एप्रिल-मेमध्ये खोली घेताना समुद्रापासून किती आत जाताय याला एरवीपेक्षा जास्त महत्त्व आहे.

तिसरं पाणी समुद्राचं. त्याचं तापमान बारा महिने २७ ते ३० अंशांच्या दरम्यान असतं, त्यामुळे थंड पाण्याची काळजी नको. काळजी लाटांची. ऐन पावसाळ्यात गोव्यासमोरच्या समुद्रात तीन-चार मीटरच्या लाटा नेहमीच्या, तर हिवाळ्यात मीटरभराच्याही खाली. २००० सालच्या जूनमध्ये रिव्हर प्रिन्सेस नावाचं एवढं मोठं जहाज खवळलेल्या समुद्राने कांदोळीच्या वाळूवर आणून टाकलं, आणि ते दहा वर्षांहून जास्त काळ तिथेच रुतून होतं. जहाजाची ही गत, तर गुडघाभर पाण्यात "जरा पाय भिजवतो" म्हणणाऱ्याची काय सांगावी? जून ते सप्टेंबर किनाऱ्यांवर लाल बावटे लागतात. लाल बावटा दिसला की पाण्यात पाऊलही नाही. जीवरक्षकाशी वाद घालणाऱ्यांत आपली मराठी मंडळी मागे नसतात, हे मात्र खेदाने लिहावं लागतं.

पायरी ३: आता महिने बघा

*जून ते ऑगस्ट.* या काळाबद्दल बाहेरच्यांचे दोन टोकाचे गैरसमज असतात. एक, गोवा बंद असतो. दोन, पावसातला गोवा म्हणजे स्वर्ग. बंद असतो तो किनारा. मेअखेरीस शॅक उतरवतात, जलक्रीडा थांबतात, मोरजी-आश्वे किंवा आगोंद-पाळोळे पट्ट्यातली कितीतरी हॉटेलं आणि खानावळी शटर ओढून घेतात. गाव चालू असतं, शेत चालू असतं, पणजी-मडगाव-म्हापशाचे बाजार चालू असतात. स्वर्ग म्हणाल तर तो ओला स्वर्ग. कपडे तीन दिवस वाळत नाहीत, लाइट कधी जाईल सांगता येत नाही, चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी येते.

मोसमी पाऊस सलग चार महिने पडत नाही. आठवडाभर झोडपतो, मग चार-पाच दिवस उघडीप देतो. आमच्याकडे जुलैत येणाऱ्या पाहुण्यांना मी निदान पाच दिवस काढून यायला सांगते. दोन दिवसांसाठी आलात आणि ते दोन्ही ऑरेंज अलर्टचे निघाले, तर हॉटेलच्या खिडकीतून माड हलताना बघून परत जाल. पाच दिवसांत दोन-तीन तरी चांगले सापडतात.

पावसात बघायचं काय? २४ जूनला सांजांव असतो, डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालून लोक विहिरींत उड्या मारतात. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकी-कृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला होतो. वारीच्या वातावरणातून आलेल्या मराठी माणसाला तो बघताना परकं वाटणारच नाही. श्रावणात वास्कोला दामोदराचा भजनी सप्ताह, ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडी बेटावर बोंदेरां हा झेंड्यांचा उत्सव. म्हादई नदीत सत्तरीच्या बाजूला पावसाळ्यात राफ्टिंग चालतं. सांखळीजवळचा हरवळ्याचा धबधबा गाडीतून उतरून चार पावलांवर दिसतो, वयस्करांना तेवढा पुरे. अभयारण्यांतले धबधबे वनखात्याच्या परवानगीचे विषय आहेत. अपघात झाले की तिथे जायला बंदीही येते, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करून निघा. दूधसागरला कुळ्याहून जाणाऱ्या जीप पावसाळ्यात बंद असतात आणि साधारण ऑक्टोबरात सुरू होतात. रेल्वेरुळांवरून चालत जाण्याचा मार्ग व्हिडिओंमध्ये कितीही छान दिसला तरी तो बेकायदा आहे, आणि रेल्वे पोलीस रुळांवर उभे असतात.

आता माशांविषयी, कारण खरा प्रश्न तोच असतो. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर आणि यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. बाजारात मासळी नसते असं नाही, पण परराज्यातली किंवा बर्फातली जास्त, आणि भाव चढलेले. इसवण (सुरमई)-पापलेटाच्या आशेने याल तर निराश व्हाल. त्याऐवजी खाडीतले मासे, तिसऱ्या, सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर मागा. घराघरांत मे महिन्यातच पुरुमेंत भरून ठेवलेलं असतं, म्हणजे पावसाळ्याची बेगमी: खारं, मिरच्या, सोलं, सांडगे. शिवाय फागलां (करटोली), तायकिळा (टाकळा), अळू या रानभाज्या आणि वारुळावर उगवणारी रोयणी अळंबी फक्त याच दिवसांत. अळंबीचा भाव ऐकून चक्कर आली तरी एकदा खाऊन बघाच. श्रावणात बऱ्याच हिंदू घरांत आणि काही खानावळींत मासे शिजत नाहीत, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

*सप्टेंबर.* मला विचाराल तर जमिनीसाठी येणाऱ्यांचा सगळ्यात चांगला महिना. पाऊस पणजीत जुलैच्या पाव हिस्स्यावर येतो, भात पोटरीत असतं, ऊन-पाऊस आलटून पालटून. खोल्या अजून स्वस्त. मासे परत आलेले. एकच अडचण, चवथ. गणेशचतुर्थीच्या पहिल्या दोन दिवसांत गोव्यात बाजारपेठ, खानावळी, टॅक्सी सगळं थंडावतं, कारण सगळेच आपापल्या मूळ घरी गेलेले असतात. कुणाच्या घरी बोलावणं असेल तर नक्की या. गणपतीच्या डोक्यावर रानातल्या फळाफुलांची माटोळी बांधलेली असते, ती बघण्यासारखी असते. बोलावणं नसेल तर ते दोन दिवस टाळा.

*ऑक्टोबर.* पहिला पंधरवडा विजांचा, दुसरा उकाड्याचा. पाऊस जाताना हवेतली वाफ मागे ठेवून जातो. शॅक उभे राहत असतात, समुद्र शांत होत असतो, पण पाणी गढूळ. जेलीफिशचा त्रासही या दिवसांत कधीकधी होतो. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरात पडली तर ती थोडी जुगाराचीच समजा. २०१९ मध्ये ऐन दिवाळीत अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ होतं, आणि कंदिलांवर प्लास्टिक बांधायची पाळी आली. दिवाळी नोव्हेंबरात असेल तर बिनधास्त या, आणि नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री जागे राहा. गावोगावी नरकासुराचे भले मोठे पुतळे निघतात आणि पहाटे जाळतात.

*नोव्हेंबर ते फेब्रुवारी.* याबद्दल सगळं जग सांगतं, मी थोडक्यात आटपते. हवा कोरडी, समुद्र सपाट, पहाटे सत्तरी-सांग्याकडे धुकं. २० अंशांना इथली माणसं स्वेटर घालतात, तुम्ही हसू नका. चोडणच्या सालिम अली पक्षी अभयारण्यात स्थलांतरित पक्षी याच काळात. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, तिथे रात्री विजेऱ्या आणि मोठे आवाज नकोत. सूर्यास्त डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमाराला होतो, म्हणजे पाच वाजता किनाऱ्यावर पोचलेलं बरं. जूनमध्ये तो सातनंतर असतो, दिसला तर. फेब्रुवारी मला डिसेंबरपेक्षा सरस वाटतो. हवा तीच, गर्दी कमी, कार्निव्हल झाला की भाव उतरतात, आणि देवळांत जत्रांचा हंगाम चालू असतो. जत्रेला रात्री मराठी नाटक असतं. गावातल्याच हौशी मंडळींनी बसवलेलं, पहाटेपर्यंत चाललेलं. महाराष्ट्रातून आलेल्याने ते चुकवू नये.

*मार्च ते मे.* शाळांना सुट्टी म्हणून बहुतेक मराठी कुटुंबं मेमध्ये येतात. त्यांना मी नाही म्हणत नाही, फक्त दिवसाचं वेळापत्रक उलटं करायला सांगते. सकाळी साडेसहाला समुद्रावर, साडेनऊला परत. दुपारी जेवून सरळ झोप. चारनंतर पुन्हा बाहेर. दुपारी एक वाजता आग्वादच्या किल्ल्यावर उघड्या दगडांत फोटो काढणारी कुटुंबं बघितली की मलाच ऊन लागतं. दुपारनंतर वायव्येचा वारा वाढतो आणि समुद्र थोडा उसळतो, म्हणून लहान मुलांचं पोहणं सकाळीच.

मेची बक्षिसं खाण्यातली आहेत. मानकुराद आंबा, ज्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हापूसच्या अभिमानाला धक्का लावायचा माझा विचार नाही, पण एकदा शेजारी ठेवून खाऊन बघा. फणस, करवंदं, जांभळं. मार्चपासून काजूच्या बागांत बोंडांचा वास, बोंडांच्या रसाची ताजी नीरो, आणि पिणाऱ्यांसाठी हुर्राक ही काजूची दारू. हुर्राक फक्त या हंगामात मिळतो. मेच्या अखेरीस चोर्ल्याच्या बाजूला रात्री काजवे दिसतात. दुसऱ्या पंधरवड्यात मात्र एक डोळा समुद्राकडे ठेवा. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याजवळून गेलं, झाडं कोसळली आणि कितीतरी गावं अनेक दिवस अंधारात होती.

पायरी ४: हवा चांगली म्हणजे गर्दीही असणार, तिचा भाव बघा

२२ डिसेंबर ते २ जानेवारी हे दिवस हवेच्या दृष्टीने उत्तम आणि बाकी सगळ्या दृष्टींनी वाईट. खोलीचे भाव कित्येक पट, कळंगुट-बागा रस्त्यावर दोन किलोमीटरला तास लागू शकतो. वेगळं काही करायला येत नसाल तर ३ जानेवारीनंतर या. समुद्र तोच राहतो. जुने गोंय इथे ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं आणि त्याआधी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पणजीत इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. त्या दिवसांत पणजीत खोली आधी ठरवा, गोव्यात इतरत्र चिंता नाही.

पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या खोल्या पुष्कळदा निम्म्या भावात मिळतात. पण स्वस्त आहे म्हणून किनाऱ्यालगतची खोली घेऊ नका. बंद शॅक आणि लाल बावटे बघायला समुद्रासमोर राहून काय करणार?

पायरी ५: ऋतूप्रमाणे मुक्काम बदला

ऑक्टोबर ते मे समुद्र हवा असेल तर किनारा ठीकच. गजबज हवी तर उत्तर, शांतता हवी तर दक्षिण टोकाचं काणकोण. पाळोळेची खाडी दोन्ही बाजूंनी आडोशाची, लहान मुलांसाठी बरी. शेजारच्याच आगोंदला पाण्याची ओढ जास्त.

पावसाळ्यात पणजी, फोंडा किंवा मडगावात राहा. तिथे खानावळी चालू असतात, सरकारी कदंब बस मिळते, दवाखाना जवळ. पणजीतली फोंतेन्हासची जुनी वस्ती पायी, जुन्या गोव्याची चर्चेस अर्ध्या तासाच्या आत, फोंड्याची देवळं तासाभरात. नार्व्याचं सप्तकोटेश्वराचं देऊळ, ज्याचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला, आणि मोलेजवळ तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ ही दोन्ही हिरवाईतच बघावीत.

येण्याच्या वाटेचाही ऋतूशी संबंध आहे. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनच्या मध्याला लागतं आणि ऑक्टोबरात संपतं. गाड्यांचा वेग कमी केलेला असतो आणि वेळा बदलतात, जुन्या पाठ वेळेवर स्टेशनात जाऊ नका. चोर्ला, अनमोड, आंबोली या घाटांत जुलै-ऑगस्टमध्ये धुकं आणि दरडी. घाट दिवसाउजेडी उतरा. विमानाने येणाऱ्यांनी दोन विमानतळ आहेत हे ध्यानात ठेवावं. पेडण्यातलं मोपा उत्तरेला सोयीचं, दाबोळी दक्षिणेला. काणकोणला मुक्काम असताना मोप्याला उतरलात तर सगळा गोवा ओलांडावा लागेल, आणि पावसात तो जास्तच लांब वाटतो.

पायरी ६: निघायच्या आठवड्यात अंदाज नीट वाचा

जुलैत मोबाइल दहाच्या दहा दिवस ढग आणि थेंबांचं चित्र दाखवतो. त्यावरून काही कळत नाही. मिलिमीटर बघा. दिवसाला १५ मिलिमीटरपर्यंत म्हणजे येऊन-जाऊन सरी, खुशाल हिंडा. १५ ते ६५ च्या दरम्यान छत्री घेऊन देवळं, संग्रहालयं, बाजार. हवामान खात्याच्या भाषेत ६४.५ च्या वर जोरदार, ११५.६ च्या वर अतिजोरदार आणि २०४.५ च्या वर अत्यंत जोरदार. जोरदार आणि त्याच्या पुढे धबधबा, नदी, घाट सगळं रद्द. यलो अलर्टला इथे कुणी भुवईही उंचावत नाही, ऑरेंजला बेत बदलायचा, रेडला घरात बसायचं. शाळांना सुट्टी जाहीर झालीय का ते बघा, म्हणजे प्रकरण किती गंभीर आहे ते कळेल.

चार-पाच दिवसांच्या पलीकडच्या अंदाजावर पैसे लावू नका. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी आली की आमच्याकडे पुढचे काही दिवस पाऊस वाढायची शक्यता असते, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ. समुद्रासाठी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी महासागर माहिती केंद्राचे लाटांचे इशारे बघा. हिवाळ्यातही ते उपयोगी पडतात. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळ दूर समुद्रात होतं, पण लाटा इथल्या शॅकपर्यंत आल्या. अमावास्या-पौर्णिमेला भरती मोठी असते, त्या दिवशी वाळूवर चटई पसरताना ओल्या रेषेच्या बरंच वर पसरा.

ऑगस्टच्या उत्तरार्धासाठी मात्र "पडल्या मघा, नाहीतर ढगाकडे बघा" यापेक्षा नेमका सल्ला मला अजून कुठल्या ॲपने दिलेला नाही.

पायरी ७: खोली ठरवताना आणि बॅग भरताना

पावसाळ्यात दुचाकी भाड्याने घेणं मी सुचवत नाही. तांबडी माती ओली झाली की डांबरावरून चाक सरकतं. इतर वेळी घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, आणि दंड तुमच्या वेळेचा होतो. एकट्या माणसाला जवळच्या अंतराला पायलट म्हणजे दुचाकी टॅक्सी बरी पडते.

बारा महिने सुती, सैल कपडे. पावसाळ्यात रबरी चपला किंवा पकड असलेल्या सँडल, बूट नकोत, ते पाच दिवसांत वाळणार नाहीत. देवळांसाठी खांदे आणि गुडघे झाकणारं काहीतरी. घडीची छत्री आमच्या पावसात उलटी होते. लांब दांड्याची इथेच म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात घ्या.

आणि जून ते सप्टेंबरची खोली ठरवताना फोन करून चार गोष्टी विचारा: जनरेटर किंवा इन्व्हर्टर आहे का, जवळची कुठली खानावळ आता चालू आहे, जोराच्या पावसात रस्त्यावर पाणी येतं का, आणि रेड अलर्ट आला तर तारीख पुढे ढकलून मिळेल का. चौथ्याचं उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.